बोल्टाभोवतीचा चट्टा

मंदा खुर्चीसकट मागं पडली. ओरडली नाही. खुर्ची फरशीवर आपटली, तिच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर भिंतीवर जाऊन आदळला आणि मग गाळ्यात फक्त पंख्याचा आवाज राहिला. मी माझ्या टेबलावरून उठले. तिचे डोळे उघडे होते. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती आणि केस जळल्यासारखा वास सुटला होता.

"मंदे!" मी हाक मारली आणि दोन हात अंतरावर उभी राहिले. पुढं गेले नाही. विजेचं काम करणाऱ्याला सगळ्यात आधी हेच शिकवतात, की झटका बसलेल्या माणसाला लगेच हात लावायचा नाही. पण मी ते आठवून थांबले नाही. घाबरले म्हणून थांबले.

दाराशी बाकावर माने सर बसले होते. हे आमचं गिऱ्हाईक. थेरगावात त्यांचा मालिश-व्यायामाचा दवाखाना आहे. जन्मापासून दिसत नाही.

"कमलबाई, काय पडलं?"

"मंदा पडली. उठत नाही."

"प्लग काढलाय?"

"काढलाय. तिनंच काढला."

"अंगाला वायर लागलीय का कुठं?"

"नाही."

"मग बघत काय राहिलात? मला तिच्यापाशी न्या."

मी त्यांना हात धरून आणलं. ते गुडघ्यावर बसले, तिच्या नाकाशी कान नेला, गळ्यावर बोटं ठेवली. "श्वास नाही. नाडी नाही. कदम साहेबांना सांगा, एकशे आठला फोन लावा." मग त्यांनी तिच्या छातीवर चाचपून हाडाचा मध्य शोधला आणि माझा तळहात तिथं नेऊन ठेवला. "इथं. दुसरा हात वर ठेवा. कोपर वाकवायचं नाही. दोन इंच खाली गेलं पाहिजे. मोठ्यानं मोजा, तीसला थांबा."

मी दाबायला लागले. एक, दोन, तीन.

हे कशानं झालं ते कळायला आधी आमचं काम काय ते सांगावं लागेल. माझं शिक्षण चौथी. तेव्हा मला जेवढं समजलं तेवढंच सांगेन.

भोसरीच्या एमआयडीसीत आमचा गाळा होता, अजून आहे. एका बाजूला स्प्रिंगा करणारा, दुसऱ्या बाजूला खोकी करणारा, मध्ये आम्ही. आम्ही हौशी रेडिओचे सेट करायचो. हौशी रेडिओ म्हणजे गाणी लावायचा नव्हे. सरकारची परीक्षा देऊन परवाना घेतलेली माणसं असतात. ती घरात सेट ठेवतात, गच्चीवर तार ताणतात आणि जगात कुठं कुठं बोलतात. मोबाईल असताना ही उठाठेव कशाला, असं मला पहिलं वर्षभर वाटायचं. मग कळलं, की मोबाईलला मध्ये कंपनी लागते, टॉवर लागतो. यांना मध्ये कोणी लागत नाही. आपली तार, आपला सेट. पुरात टॉवर बंद पडले की हीच माणसं लोकांचे निरोप पोचवतात.

मालक कदम साहेब स्वतः हौशी. आधी मोठ्या कंपनीत टूलरूमला होते, ती नोकरी सोडून त्यांनी हा गाळा घेतला. मोठ्या कंपन्या हा माल करत नाहीत, कारण गिऱ्हाईक मूठभर आणि प्रत्येकाचं मागणं निराळं. छोटी कंपनी म्हणजे काय, तर साहेब लॅपटॉपवर नकाशा काढणार, बोर्ड कुरिअरनं येणार, बटणं शेजारच्या लेथवर होणार, पत्र्याचा डबा चाकणला कापून तिथंच रंगवून येणार आणि बाकी सगळं आम्ही दोन बायका हातानं करणार. मी आणि मंदा.

माझं मुख्य काम वेढ्यांचं. सेटमध्ये काळ्या रंगाच्या लहानमोठ्या कड्या असतात, आम्ही त्यांना बांगड्या म्हणायचो. बांगडीवर तांब्याची तार गुंडाळायची. किती वेढे ते साहेब कागदावर लिहून देत. नवं माणूस इथंच चुकतं. तार पूर्ण फिरून आली की एक, असं मोजतं. तसं नाही. तार भोकातून एकदा आरपार गेली की एक वेढा झाला, मग ती नुसती सरळ का जाईना. एक वेढा चुकला की सेट भलतीकडंच बोलतो. मी मोठ्यानं मोजायची, म्हणून गाळ्यात माझी थट्टा व्हायची. मंदा म्हणायची, "ताई, तुमी पोळ्या पन मोजूनच लाटता का हो?" ती लातूरकडची. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण तोंड माझ्यापेक्षा मोठं. सेट तपासायचं काम तिचं. बारावी झालेली होती आणि तिला मीटर वाचायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागायचा. मला आधी याचा राग यायचा, मग येईना.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. दिघीचे एक निवृत्त फौजी होते. ते सेट न्यायला यायचे तेव्हा तो टेबलावरून मुद्दाम खाली पाडायचे. चालला तर घेणार. साहेब कपाळाला हात लावायचे, पण पडून बंद झालेला सेट त्यांनी मुकाट्यानं परत आत घेतला नाही असं कधी झालं नाही. माने सरांना आकडे दिसत नाहीत, तर त्यांच्या बटणाला आम्ही बोटाला लागतील अशा खाचा पाडल्या आणि आकडा टक-टूक आवाजात ऐकू येईल अशी सोय केली. ती टक-टूकची भाषा, मोर्स म्हणतात तिला, मी त्यांच्याकडून शिकले. इंग्रजी अक्षरं मला आधी कानांनी आली, डोळ्यांनी नंतर. माने सर माझं सोल्डरिंग अंगठ्यानं तपासायचे. "हा टाका खडबडीत लागतोय, कमलबाई." बघितलं तर खरंच कच्चा असायचा. दिसणाऱ्यांनी कधी पकडला नसता.

आणि सांगवीचे दातांचे डॉक्टर. माणूस चांगला, पण चकचकीतपणाचं वेड. त्यांनी आमचा पैलवान घेतला होता.

पैलवान हे आम्ही ठेवलेलं नाव. सेटचा आवाज लांब पोचावा म्हणून त्याला एक जोरकस यंत्र जोडतात, तो हा पैलवान. त्याच्या आत विजेचा जोर घरातल्या बटणापेक्षा दसपट. शिवाय आत कपॅसिटर असतात. साहेबांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "कमलबाई, कपॅसिटर म्हणजे विजेची टाकी. नळ बंद केला तरी टाकी भरलेली राहते." प्लग काढला तरी आत मरण बसलेलं असतं, असा त्याचा अर्थ.

टाकी आपोआप रिकामी व्हावी म्हणून आत एक रेझिस्टर असतो. तो हळूहळू वीज जिरवतो. पुढं एक काटा असतो, तो किती उरली ते दाखवतो. आणि तिसरी आमची काठी. लाकडाची, टोकाला पितळी हूक, हुकाला जाड वायर, वायरच्या दुसऱ्या टोकाला चिमटा. चिमटा पैलवानाच्या मागच्या बोल्टाला लावायचा, हूक टाकीला टेकवायचा. काही उरलं असेल तर टप्प असा आवाज होतो आणि टाकी रिकामी. मग काठी धरणारी विचारणार, "खाली?" आणि दुसरीनं येऊन बघून म्हणायचं, "खाली." त्याशिवाय आत हात घालायचा नाही. गाळ्याचा हा रिवाज होता.

आता तो मागचा बोल्ट. तो डब्याच्या पत्र्याला उघडा चिकटलेला पाहिजे. म्हणून डबे चाकणला रंगाला जाण्याआधी बोल्टाच्या जागेवर गोल टेप लावायची. पावडरचा रंग भट्टीत भाजून पक्का बसतो आणि रंगातून वीज जात नाही. टेप काढली की रंगाशिवाय गोल जागा राहते. टेप लावायचं काम माझं.

डॉक्टरांचा पैलवान तयार झाला तेव्हा ते बघायला आले होते. सगळीकडून हात फिरवला आणि मागं येऊन थांबले.

"आजी, बोल्टाभोवती हा पांढरा चट्टा कसला?"

"तिथं रंग नसतो."

"गजकर्ण झाल्यासारखं दिसतंय हो. एवढा सुंदर डबा आणि मागं हे."

माझ्या मनाला लागलं. डबा माझ्या हातातून जायचा, त्याचा मला अभिमान होता. मी म्हटलं, "थांबा, दुसरा करून देते." पुढच्या खेपेला डबे गेले तेव्हा मी टेप लावलीच नाही. चाकणच्या रंगवाल्या सलीमभाईचा फोन आला.

"मावशी, इस बार टेप नहीं है. बोल्ट की जगह भी मार दूँ?"

"मार. छान दिसू दे."

हे माझे शब्द. साहेबांना विचारलं नाही. टाकीचं दुसरं टोक ज्या तांब्याच्या पट्टीला असतं, ती डब्यात बसवताना मी रंग कानशीनं घासून घेतला, म्हणून पैलवान व्यवस्थित चालायचा. मागच्या बोल्टाचं माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी मला वाटलं असतं, बोल्ट तर लोखंडाचा आहे, लागला की झालं. त्या खेपेचे सगळे डबे काळेभोर, कुठं ठिपका नाही. डॉक्टर खूश झाले. मीही झाले.

सहाएक महिन्यांनी डॉक्टरांचा पैलवान दुरुस्तीला आला. बोलता बोलता मध्येच बंद पडतो, अशी तक्रार. बुधवार होता. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून मंदाला तो त्याच दिवशी हातावेगळा करायचा होता. तिनं चालवून बघितला, बंद केला, प्लग काढला, झाकण उघडलं. काटा शून्यावर. चिमटा बोल्टाला लावला, हूक टाकीला टेकवला. आवाज झाला नाही. बहुतेक वेळा होत नाहीच, कारण रेझिस्टरनं आधीच वीज जिरवलेली असते.

"खाली?"

माझ्या हातात बांगडी होती. तेवीस वेढे झाले होते. उठले असते तर मोजणी चुकली असती.

"खाली," मी बसल्या जागेवरून म्हटलं.

तिनं डाव्या हातानं आतली पट्टी धरली आणि उजवा हात टाकीच्या स्क्रूकडं नेला.

मी दाबत होते. तीस झाले की माने सर तिच्या तोंडात दोन वेळा फुंकर घालायचे, मग परत मी. कदम साहेब फोनवर पत्ता सांगत होते. खोकीवाल्याचे दोघं दारात येऊन उभे राहिले. एक म्हणाला, "मावशी, मी बघू का?" माने सर म्हणाले, "त्यांचा हात बरोबर पडतोय, त्यांना सोडू नका." आयुष्यभर वेढे मोजल्याचा तेवढा एक उपयोग. तीस किती वेळा झाले ते मात्र मी मोजलं नाही. खांदे भरून आले, गुडघ्याची कातडी फरशीवर सोलून निघाली. एकशे आठची गाडी आली तेव्हा त्यातल्या माणसांनी मला ओढून बाजूला काढलं. त्यांच्या मशीननं मंदाला झटका दिला. एकदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा दिला आणि तो मशीनवाला म्हणाला, "आली." ज्यानं पाडलं त्याच जातीच्या झटक्यानं उठवलं. मग गाडी गेली. साहेब गाडीतून गेले.

मंदा शुद्धीवर नव्हती. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही.

शुक्रवारी गाळा उघडला तर भिंतीवर साहेबांच्या हातचा कागद: काठी लावल्याशिवाय आत हात घालू नये. मंदाचा नवरा आला होता. रिक्षा चालवतो, मितभाषी माणूस. साहेब त्याला हळू आवाजात सांगत होते, "घाईत काठी लावायची राहिली असणार. नाहीतर असं होतच नाही." तो म्हणाला, "ती असं करनार न्हाई साहेब." मला तेव्हा माझी चूक माहीत नव्हती. पण मी न बघता "खाली" म्हटलं होतं, हे तर माहीत होतं. तेवढंही सांगितलं नाही.

दुपारी माने सरांचा फोन आला. आधी तिची चौकशी केली. मग म्हणाले, "कमलबाई, एक सांगतो. काठी लावली होती तिनं. पितळ टेकल्याचा आवाज मी ऐकला. पण प्लग काढल्यावर इतक्या लवकर काठी लावली की बारीकसं का होईना, टप्प होतंच. परवा झालं नाही. मला खटकलं होतं. बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही."

मी फोन ठेवला. पैलवान तिथंच टेबलावर होता. काठीनं परत परत टेकवून, दुसऱ्या वायरनं थेट आतल्या पट्टीला जोडून, साहेबांनी तो आता खरोखर रिकामा केला होता आणि रेझिस्टर जळालेला त्यांना सापडला होता. काट्यालाही त्याच रेझिस्टरातून खबर जायची, म्हणून तो शून्य दाखवत होता. रेझिस्टर खोटं बोलला, काटा खोटं बोलला. पण काठी का खोटं बोलली, ते साहेबांना कळलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ती लावलीच नव्हती.

मी मीटर घेतला. एक टोक मागच्या बोल्टाला, एक आतल्या पट्टीला. बीप व्हायला पाहिजे. झाली नाही. टोक दाबून धरलं, घासलं, परत बघितलं. नाही. मग बोल्ट बघितला. वॉशरखाली काळाभोर रंग, सुंदर, एकसारखा. चिमटा रंगावर बसलेल्या बोल्टाला लागला होता. काठी कुठंच जोडलेली नव्हती.

कानस माझ्या ड्रॉवरमध्येच होती. दोन मिनिटांचं काम. बोल्ट सैल करायचा, खालचा रंग घासायचा, परत आवळायचा. मंदा उठली नसती तर कोणाला कधी कळलं नसतं, आणि उठली असती तरी, माने सरांच्या कानांखेरीज, काठी लावली होती याला तिच्याकडं पुरावा नव्हता. मी कानस हातात घेतली होती. बोल्ट सैलही केला होता. मग तो परत आवळला. चांगुलपणानं नाही. त्या खेपेचे बाकीचे डबे आठवले. ते लोकांच्या घरात होते.

साहेबांच्या टेबलाशी गेले. "मंदानं काठी लावली होती. चूक माझी आहे. या." आणि मीटर त्यांच्या हातात दिला.

त्यांनी दोनदा बघितलं. "टेप?"

"लावली नाही. मीच सलीमला म्हटलं, मार म्हणून."

"का?"

"चट्टा वाईट दिसत होता."

त्यांनी मीटर खाली ठेवला. मग म्हणाले, "आणि 'खाली' कोण म्हणालं?"

"मीच. न उठता."

त्यांनी उठून भिंतीवरचा कागद फाडला. मला घरी बसवलं नाही. मी विचारलंही नाही. म्हणाले, "त्या खेपेचा प्रत्येक डबा घासून यायचा. तुम्ही स्वतः. आणि तिच्या नवऱ्याला आज संध्याकाळी तुम्हीच सांगायचं."

सांगितलं. तो रिक्षात बसलेला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ती शुद्धीवर आली की तिलाच सांगा. मी मधी पडनार न्हाई."

पुढच्या आठवड्यात कानस, मीटर आणि नवा रेझिस्टर पिशवीत घालून मी घरोघर फिरले. दिघीचे फौजी म्हणाले, "मावशी, आमच्याकडं असं झालं तर आधी दुसऱ्याचं नाव घेतात." मी म्हटलं, "दुसऱ्याचं नाव आधीच घेऊन झालं होतं." सांगवीच्या डॉक्टरांना त्यांचा पैलवान परत द्यायला गेले तेव्हा त्यांच्यासमोर बोल्ट उघडला.

"डॉक्टर, चट्टा पडणार."

"पडू द्या आजी." त्यांचा चेहरा उतरला होता. "मी दोनदा घरी उघडला होता तो."

गाळ्याचा रिवाजही बदलला. आता काठी लावायच्या आधी तिचीच परीक्षा होते. मीटरची बीप ऐकल्याशिवाय काठीला कोणी काठी म्हणत नाही. टेकवून काढायची नाही, काम संपेपर्यंत हूक टाकीवरच लटकत ठेवायचा. आणि "खाली" म्हणणारीनं उठून जायचं. हातातली बांगडी सोडून. मोजणी चुकली तर पहिल्यापासून मोजायचं.

मंदा पाचव्या दिवशी बोलायला लागली. मी भेटायला गेले. खाटेच्या कडेला उभी राहून सगळं सांगितलं, टेपपासून कानशीपर्यंत. ती छताकडं बघत होती. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या.

"म्हंजे काठी मी लावली होती."

"लावली होतीस."

"हितं पडल्यापडल्या मी तेच आठवायला लागले होते ताई. लावली का न्हाई. माझं मलाच पटंना." मग म्हणाली, "डबं मात्र लई भारी दिसत होतं बगा."

मी रडले नाही. तिला संत्रं सोलून दिलं. तिचा उजवा हात बांधलेला होता, म्हणून एकेक फोड तोंडात घालावी लागली.

"बिया काढा की," ती म्हणाली.

मी आता गाळ्यात जात नाही, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि बारीक तार दिसेनाशी झाली. इतकी वर्षं केलेल्या बांगड्यांतली एकही वेढ्यासाठी परत आली नाही, हे मी कोणालाही तोंडावर सांगते. टेप विसरले नव्हते, मुद्दाम सोडली होती, हेही सांगते.

त्या बुधवारी गाळ्यात आम्ही चौघं होतो. कदम साहेब पुढं साखरेच्या आजारानं गेले. माने सर थेरगावात आहेत. मी आहे. मंदा आहे. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, आणि गाळा आता तीच चालवते.